सनद की खालसा? : संगणकातील फायलींच्या मुखत्यारीचा इतिहास

स्मरणिकेतील इतिहासलेख म्हटला की वाचक गडकोट, स्वाऱ्या आणि तहनामे यांची अपेक्षा करतो. प्रस्तुत लेखात नागपूरकर भोसले आहेत, रतनपूर आहे आणि आपले रायपूरही आहे. परंतु लेखाचा मुख्य विषय मात्र आज घरोघरी मेजावर दिसणाऱ्या संगणकाचा आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. संगणकात एखादा नवा प्रोग्राम घातला, तर त्याने आपण होऊन घरातील फायली उघडण्याचा अधिकार स्वतःकडे घ्यावा काय, एवढाच तो प्रश्न आहे. परंतु अधिकार कोणी द्यावा आणि कोणी घ्यावा, हा प्रश्न कोणत्याही काळी क्षुल्लक नसतो. ज्या भूमीवर आपण राहतो तिच्या इतिहासात त्याची तीन उत्तरे नोंदलेली आहेत. त्यांच्या उजेडात संगणकाच्या गेल्या चाळीस वर्षांकडे पाहावे, हा या लेखाचा उद्देश आहे.

तीन प्रकारचे अधिकारी

१७४१ च्या भास्करपंतांच्या स्वारीनंतर रतनपूरचे हैहयवंशी राज्य भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून प्रत्यक्ष कारभार पाहिला. मराठी भाषा आणि मोडी लिपी यांचा या प्रांताच्या कारभारात प्रवेश झाला तो याच काळात. १७८७ त बिंबाजी निवर्तले आणि प्रांत व्यंकोजींकडे आला. व्यंकोजी स्वतः येथे राहिले नाहीत. त्यांनी नागपुराहून सुभेदार नेमून कारभार चालविला. महिपतराव दिनकर हे या मालिकेतील पहिले. सुभेदार कितीही कर्तबगार असो, त्याचा अधिकार धन्याच्या नेमणुकीतून येई आणि धन्याच्या इच्छेनेच संपे. हा पहिला प्रकार. त्याला आपण सनदेचा अधिकार म्हणू.

दुसरा प्रकार १८१८ नंतरचा. सीताबर्डीच्या लढाईनंतर अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले. त्यांच्या नावाने रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने राज्य चालविले. छत्तीसगडचा कारभार ब्रिटिश अधीक्षकांकडे गेला आणि मेजर अ‍ॅग्न्यू याच्या अमदानीत मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. आपल्या शहराच्या भाग्योदयाचा हा आरंभ होय. पुढे १८३० मध्ये प्रांताचा कारभार पुन्हा भोसल्यांच्या हाती देण्यात आला. इंग्रजांचे हेतू काहीही असोत, येथे निदान कागदोपत्री विश्वस्ताची मर्यादा पाळली गेली. कारभार दुसऱ्याच्या नावाने चालला आणि मुदत सरताच तो परत झाला.

तिसरा प्रकार सर्वांस ठाऊक आहे. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. राजघराण्यातील स्त्रियांनी दत्तकाचा हक्क मागितला. लॉर्ड डलहौसीने तो मानला नाही. वारस नाही, सबब आम्हीच वारस, असे कंपनी सरकारने स्वतःच ठरविले आणि १८५४ त नागपूरच्या राज्याबरोबर छत्तीसगडही खालसा झाले. ज्याने निर्णय दिला तोच लाभार्थी होता, हे या प्रकाराचे लक्षण आहे.

सनद, विश्वस्तपणा आणि खालसा हे तीन शब्द वाचकांनी पुढील विवेचनात ध्यानी ठेवावेत.

फायलीचा मुखत्यार म्हणजे कोण?

संगणकातील फाइल स्वतः उघडत नाही. तिला उघडून दाखविणारा एक प्रोग्राम लागतो. पत्र असेल तर शब्दलेखनाचा, छायाचित्र असेल तर चित्रे दाखविणारा, गाणे असेल तर ते वाजविणारा. एकाच प्रकारची फाइल उघडू शकणारे अनेक प्रोग्राम एकाच संगणकात नांदत असतात. आपण फायलीवर दोनदा टिचकी मारतो तेव्हा त्यांपैकी कोणी पुढे यावे, याची नोंद संगणकाच्या दप्तरात केलेली असते. ज्याचे नाव त्या नोंदीत असेल त्याला डिफॉल्ट प्रोग्राम म्हणतात. तो त्या फायलींचा मुखत्यार होय. फाइल आपली आणि मजकूर आपला. मुखत्यार केवळ आपल्या वतीने दार उघडतो.

ही नोंद ठेवण्याच्या दोन रीती आरंभापासून दिसतात. अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक १९८४ मध्ये आला. त्यात प्रत्येक फायलीबरोबर चार-चार अक्षरांची दोन चिन्हे दडलेली असत. एक चिन्ह फायलीचा प्रकार सांगे, तर दुसरे ती कोणत्या प्रोग्रामने निर्माण केली ते सांगे. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन फायली आपापल्या जनकाकडेच उघडत. पुढे २००९ च्या आवृत्तीपासून अ‍ॅपलनेही फाइल उघडताना हे जनकचिन्ह पाहणे सोडून दिले.

दुसरी रीत डॉस आणि विंडोज यांची. येथे फायलीच्या नावापुढे टिंब देऊन तीन-चार अक्षरे लिहिलेली असतात. डॉट टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, डॉट डॉक म्हणजे वर्डची फाइल, डॉट एमपी३ म्हणजे गाणे. ही शेपटी पाहून संगणक मुखत्यार ठरवितो. विंडोजच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत ही यादी एका साध्या मजकूर-फायलीत असे. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये ती रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती दप्तरात स्थिरावली.

हे दप्तर जवळजवळ मोकळेच होते. कोणताही प्रोग्राम त्यात शिरून पहिल्याचे नाव खोडी आणि स्वतःचे लिही. कोणाची सही लागत नसे आणि मालकाला खबरही नसे. त्या काळी एका संगणकात मोजकेच प्रोग्राम असत आणि ज्याने प्रोग्राम घातला त्याला तोच वापरावयाचा असणार, हे गृहीत धरणे फारसे चुकीचे नव्हते. पुढील अनर्थ या भाबड्या गृहीतातून जन्मला.

मोकळ्या दप्तराची लूट

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच सुमारास संगणक-मासिकांबरोबर फुकट प्रोग्रामांनी भरलेल्या सीडी मिळू लागल्या. गाणी आणि चलच्चित्रे यांसाठी रिअलप्लेअर, क्विकटाइम, विनअ‍ॅम्प आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा मीडिया प्लेअर असे एकाहून एक सरस दावेदार पुढे आले. ज्यांनी त्या दिवसांत संगणक हाताळला त्यांना आठवत असेल की, काल एका प्रोग्रामात वाजणारे गाणे आज भलत्याच प्रोग्रामात वाजे. एकाने नाव खोडावे, दुसऱ्याने सुरू होताच दप्तर तपासून ते पुन्हा लिहावे, तिसऱ्याने दोघांनाही हुसकावावे, असा खेळ चाले. या खेळात ज्याचा संगणक त्याला मात्र कोणी विचारीत नसे.

जुलै १९९८ मध्ये हा कलह अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे गेला. रिअलनेटवर्क्सचे प्रमुख रॉब ग्लेझर यांनी असे दाखवून दिले की, मायक्रोसॉफ्टचा मीडिया प्लेअर घातल्यावर आपला प्लेअर नीट चालेनासा होतो. दोष रिअलनेटवर्क्सच्याच प्रोग्रामात आहे, असे मायक्रोसॉफ्टचे उत्तर होते. दोघांतील खरे-खोटे बाजूस ठेवले तरी एक गोष्ट स्पष्ट झाली. मुखत्यारीची जागा ही आता पैशाची आणि सत्तेची जागा झाली होती.

मायक्रोसॉफ्टमध्येच दीर्घकाळ काम केलेले रेमंड चेन हे अभियंते अशा प्रसंगी एक साधा प्रश्न विचारावयास सांगत: हेच दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी करावयाचे ठरविले तर? मला हा प्रश्न मोठा मार्मिक वाटतो. जो नियम दोघांनी पाळला असता घर चालत नाही, तो नियमच नव्हे. सुभेदारीसाठी दोघांनी आपापली सनद आपणच लिहिली, तर प्रांतात सुभा उरत नाही, केवळ दंगा उरतो.

न्यायालयांनी काय म्हटले

याच सुमारास इंटरनेटवरील पाने दाखविणाऱ्या ब्राउझरांचे युद्ध पेटले होते. १९९४ चा नेटस्केप आणि १९९५ चा इंटरनेट एक्सप्लोरर हे त्यातील प्रमुख योद्धे. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा दावा लावला. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ च्या निष्कर्षांत असेही नोंदविले की, वापरणाऱ्याने दुसरा ब्राउझर नेमला असला तरी विंडोज ९८ काही प्रसंगी त्याला डावलून एक्सप्लोररच उघडते. २००१ त अपील न्यायालयाने मक्तेदारी टिकविल्याचा मुख्य ठपका कायम ठेवला. मात्र या एका मुद्द्यावर कंपनीने दिलेली तांत्रिक कारणे वादींना खोडता आली नाहीत, म्हणून तिला दोषी धरले नाही. मालकाची नेमणूक डावलण्यासही कधी सबळ कारण असू शकते, एवढी फट न्यायालयाने ठेवली, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. २००१ मधील समझोत्यानंतर विंडोजमध्ये डिफॉल्ट प्रोग्राम निवडण्याचे एक वेगळे पान आले.

युरोपने याहून पुढची पायरी गाठली. डिसेंबर २००९ मधील वचनानुसार मायक्रोसॉफ्टने मार्च २०१० पासून तेथील ग्राहकांपुढे अनेक ब्राउझरांची यादी ठेवून त्यांना निवड करण्यास सांगावे, असे ठरले. परंतु मे २०११ ते जुलै २०१२ या काळात लक्षावधी संगणकांवर ती यादी दिसलीच नाही. मार्च २०१३ मध्ये कंपनीला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला.

आपला देशही यात मागे राहिला नाही. येथील वाद संगणकाचा नसून मोबाइलचा होता, तरी तत्त्व तेच होते. अँड्रॉइड फोनमध्ये स्वतःचे प्रोग्राम आधीच बसवून देण्याच्या गूगलच्या पद्धतीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी त्या कंपनीस १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि फोन प्रथम सुरू करतानाच शोधयंत्र निवडण्याची मुभा ग्राहकास द्यावी, असेही सांगितले. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला.

मुखत्यारीचे मोल किती, याचा अंदाज अमेरिकेतील आणखी एका खटल्यावरून येतो. गूगलने २०२१ या एका वर्षात डिफॉल्ट शोधयंत्राची जागा मिळविण्यासाठी भागीदार कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले. ज्याला आपण केवळ सोय समजतो, त्या जागेसाठी व्यापारी जग एवढे मोजावयास तयार असते. बहुसंख्य माणसे एकदा झालेली नेमणूक बदलीत नाहीत, हे व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

कुलूप आले, किल्ली कोणाकडे?

२०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि मोकळ्या दप्तराला कुलूप लागले. आता प्रोग्रामाने केवळ उमेदवारी नोंदवावयाची; नेमणूक वापरणाऱ्यानेच करावयाची. नोंदीसोबत संगणक एक गुप्त पडताळणी-खूण ठेवू लागला, आणि कोणी परभारे नाव बदलल्यास खूण जुळेनाशी होऊन ती नोंद बाद ठरू लागली. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर सनदेवर शिक्का आला. हा सुधार स्वागतार्ह होता.

परंतु शिक्का ज्याच्या हाती, तोही एक उमेदवारच होता. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले. जुन्या संगणकावर ते चढविताना झटपट मांडणीचा मार्ग निवडला, की पूर्वी नेमलेला ब्राउझर जाऊन मायक्रोसॉफ्टचा एज त्या जागी बसे. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिला संस्थेचे प्रमुख ख्रिस बियर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांना जाहीर पत्र लिहून याचा निषेध केला. ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ब्राउझर बदलावयाचा तर प्रत्येक प्रकारच्या फायलीसाठी वेगवेगळी निवड करावी लागू लागली. ओरड झाल्यावर २०२२ मध्ये एका कळीने बदल करण्याची सोय परत आली. दुसऱ्या बाजूनेही सर्व आलबेल नव्हते. २०२१ मध्ये मोझिलाने त्या कुलपाची रचना उलगडून फायरफॉक्सला एका टिचकीत डिफॉल्ट करण्याची युक्ती काढली. ती ग्राहकाच्या इच्छेने चाले हे खरे. पण जे कुलूप सज्जनाने उघडले ते दुर्जनालाही उघडता येते.

तात्पर्य असे की, आरंभी प्रत्येक प्रोग्रामाने खालसा धोरण चालविले आणि नंतर कुलूपवाल्यानेच ते चालविले.

आपल्या घरापर्यंत आलेला प्रश्न

येथवरचे वाचून कोणी म्हणेल की, हे बड्या कंपन्यांचे भांडण. रायपुरातील मराठी कुटुंबाला त्याचे काय? त्याचे उत्तर आपल्याच कपाटात आहे.

आपल्यापैकी अनेकांची शेतजमीन अद्याप विदर्भात आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता घरबसल्या मिळतो, आणि तो पीडीएफ स्वरूपाची फाइल असतो. आधारची प्रतही तशीच. ही फाइल ज्या प्रोग्रामात उघडेल त्यावर पुष्कळ अवलंबून असते. स्वाक्षरी तपासू शकणाऱ्या वाचक-प्रोग्रामात ती उघडली तर स्वाक्षरी खरी की नाही याची खूण मिळते. सामान्यतः ब्राउझरमध्ये उघडली तर मजकूर दिसतो, पण ती तपासणी होत नाही. म्हणजे मुखत्यार बदलला, की त्याच कागदाची साक्ष बदलते.

माझ्या परिचयातील एका सेवानिवृत्त गृहस्थांची हकिकत सांगतो. त्यांच्या नातवाने छायाचित्रांचे काही काम करण्यासाठी एक फुकट प्रोग्राम संगणकात घातला. त्याने न विचारता सर्व पीडीएफ फायलींची मुखत्यारी घेतली आणि पंधरा दिवसांनी मुदत संपल्याचे सांगून पैसे मागावयास सुरुवात केली. गृहस्थांनी सातबारा उघडावयास जावे, तो पैशाची मागणी पुढे यावी. तलाठी कार्यालयाने नवी फी बसविली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली. शेतीचा व्यवहार तोंडावर आलेला. त्यांनी दोन रात्री झोपेविना काढल्या. फाइल जागच्या जागी सुरक्षित होती. दारावर मात्र परका पहारेकरी उभा होता. शेजारच्या एका तरुणाने पाच मिनिटांत जुना वाचक-प्रोग्राम पुन्हा नेमून दिला. हसण्याजोगी ही गोष्ट आहे खरी, पण सत्तरीच्या माणसाच्या त्या दोन रात्रींचा हिशेब कोणी द्यावा?

मराठी मजकुराच्या बाबतीत धोका आणखी खोल आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपले मराठी लेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा भिन्न भिन्न प्रणालींत होत असे. येथील हिंदी कार्यालयांत कृतिदेव चाले. या जुन्या फाँटांमध्ये बहुधा रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसविलेले असत. योग्य फाँट नसलेल्या ठिकाणी अशी फाइल उघडली की आजोबांच्या आठवणींच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. एवढ्यावर निभावले तर ठीक. पण न सांगता पुढे आलेला प्रोग्राम ती फाइल नव्या स्वरूपात साठवावी काय असे विचारतो, आपण हो म्हणतो, आणि जुनी मांडणी बिघडून बसते. पेजमेकरवर रचलेल्या स्मरणिकांचेही तसेच. त्या प्रोग्रामाची २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची ठरली, आणि त्याच्या फायली उघडू शकणाऱ्या इनडिझाइननेही सीएस ६ नंतर ते काम सोडले.

मोडीचे उदाहरण आपल्यापुढे आहेच. भोसलेकालीन मोडी कागद आजही ठिकठिकाणी आहेत; ते वाचणारे मात्र विरळा झाले. कागद टिकला आणि वाचक हरपला, तर तो कागद असून नसल्यासारखा होतो. फायलीचा वाचक कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती असला पाहिजे, तो यासाठी.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

प्रोग्रामांनी स्वतःची नेमणूक करून घ्यावी, असे म्हणणाऱ्यांचेही ऐकून घेतले पाहिजे. त्यांचे पहिले म्हणणे असे की, माणूस प्रोग्राम घालतो तो वापरण्यासाठीच. मग पुन्हा परवानगीचा सोपस्कार कशाला? दुसरे असे की, सामान्य माणसाला हे प्रश्न कळत नाहीत आणि विचारले की तो गोंधळतो. तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे. संगणकाबरोबर आलेला प्रोग्राम आधीच गादीवर बसलेला असतो. नव्याला मागणीही करू दिली नाही, तर जुन्याची मिरासदारी कायमची होईल.

पहिल्या म्हणण्याला उत्तर असे की, वापरण्यासाठी आणणे वेगळे आणि सर्वाधिकार देणे वेगळे. लग्नघरी आचाऱ्याला बोलाविले म्हणून तिजोरीच्या किल्ल्या त्याला द्यावयाच्या नसतात. दुसऱ्याला उत्तर असे की, माणूस गोंधळतो तो प्रश्न अवघड भाषेत विचारल्यामुळे. तुमचे सातबारे आणि पत्रे यापुढे मी उघडू काय, असे सरळ विचारले तर आपल्या आजीलाही उत्तर देता येईल. तिसरे म्हणणे मात्र मी मान्य करतो. त्यामुळेच बंदी मागण्याची असू नये, परस्पर घेण्याची असावी. आणि गादीवर आधीच बसलेल्यालाही तोच नियम लागू असावा.

कार्यभाराची रीत

केंद्र सरकारच्या सेवेत माझी तीस वर्षांहून अधिक काळ गेला. तेथे एक साधी शिस्त आहे. कोणीही अधिकारी स्वतःच्या नेमणुकीचा हुकूम स्वतः काढीत नाही. रुजू होताना कार्यभार अहवालावर सोडणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन्ही सह्या होतात. भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन कर्मचारी स्वतः साक्षीदारांसमक्ष करतो. कोषाचे हिशेब ठेवणारा लिपिक त्या रकान्यात आपले नाव घालीत नाही. ही शिस्त अविश्वासातून आलेली नाही. अधिकाराचा उगम सर्वांना दिसत राहावा, म्हणून ती आहे.

संगणकालाही हीच रीत लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या प्रोग्रामाने एकदाच आणि साध्या भाषेत विचारावे. मराठी माणसाच्या संगणकावर मराठीत विचारावे. नकार मिळाल्यास तो लक्षात ठेवावा आणि दर सकाळी दार ठोठावू नये. होकार मिळाल्यास कोणकोणत्या प्रकारच्या फायली आपल्याकडे येत आहेत ते सांगावे. आणि संगणकातून काढला जात असताना पूर्वीच्या मुखत्यारास कार्यभार परत द्यावा. १८३० मध्ये परक्या सत्तेलाही जे करावे लागले, ते आजच्या एका प्रोग्रामाला अवघड जाऊ नये. संगणकप्रणाली निर्माण करणाऱ्या कंपनीलाही यातून सूट नसावी. किंबहुना शिक्का तिच्या हाती असल्यामुळे तिच्यावरील बंधन अधिक कडक असावे.

या कामी शासनाने काही पायाभरणी केली आहे. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. पीडीएफ हे स्वरूप १९९३ मध्ये एका कंपनीने आणले, परंतु २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे त्याचा वाचक कोणीही तयार करू शकतो. दीर्घकाळ जतनासाठी त्याचे पीडीएफ-ए हे रूप २००५ पासून प्रमाणित झाले आहे. ज्या कागदाचे स्वरूप खुले असते त्याला एकाच मुखत्याराच्या मेहेरबानीवर राहावे लागत नाही. एक दुखावला तर दुसरा नेमता येतो. खुले मानक हे फायलीचे खरे स्वातंत्र्य होय.

मंडळातील कुटुंबांना यातून दोन गोष्टी सहज करता येतील. घरातील तरुणांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या संगणकात एकदा बसून कोणती फाइल कोणत्या प्रोग्रामात उघडते ते पाहावे, अनाहूत मुखत्यार दूर करावेत आणि नवा प्रोग्राम घालताना पुढे-पुढे म्हणत न जाता प्रत्येक पान वाचावे. दुसरे म्हणजे जुन्या फाँटांतील पत्रे, वंशावळी आणि आठवणी युनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात. मूळ प्रत मात्र तशीच जपावी.

नागपुराहून, अमरावतीहून, कोकणातून आणि देशावरून आपले पूर्वज येथे आले ते बहुधा कोणाच्या तरी नेमणुकीने, बदलीने अथवा आमंत्रणाने. परमुलखात मान मिळाला तो विचारून आत आल्यामुळे. घरात येणाऱ्या यंत्राकडूनही आपण तेवढ्याच रीतीची अपेक्षा धरावी, यात वावगे काही नाही. ही स्मरणिका छापील प्रतींबरोबर पीडीएफ-ए स्वरूपातही मंडळाच्या दप्तरी ठेवली जावी, अशी संपादक मंडळास माझी नम्र सूचना आहे. शतकमहोत्सवी वर्षी ती कोण उघडील हे आज सांगता येत नाही. परंतु जो कोणी उघडील, त्याला ती कशाने उघडावी हे ठरविण्याची मोकळीक असावी.